पहिलाच परदेशप्रवास: रेडिंगला लेकीकडे सहा आठवडे. लंडन आणि आसपासचे काय पाहावे, काय सोडावे?

माहुलीची माई

नमस्कार. मी साताऱ्याची. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाले. यजमान भूजल सर्वेक्षणात होते, तेही निवृत्त आहेत. आमची मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतात, नात साडेतीन वर्षांची आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आम्ही दोघे त्यांच्याकडे जात आहोत. देशाबाहेर जाण्याची ही आमची पहिलीच वेळ. व्हिसा आणि तिकिटे झाली आहेत, तेव्हा त्याबद्दल विचारायचे नाही.

अडचण अशी की मुलीने हौसेने तेवीस ठिकाणांचा तक्ता करून पाठवला आहे. एकही शनिवार-रविवार मोकळा नाही, शिवाय तिने पाच दिवसांची रजाही टाकून ठेवली आहे. चोविसावे नाव पॅरिसचे होते, पण त्याला वेगळा व्हिसा लागतो हे कळल्यावर यजमानांनी ते स्वतःच खोडले. त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दीड वर्षापूर्वी झाली. सपाटीवर ते दोन-अडीच किलोमीटर सहज चालतात, पण जिना उतरताना त्यांना त्रास होतो आणि तसे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते.

मी इतकी वर्षे फळ्यावर ‘मॅग्ना कार्टा, १२१५’ असे लिहीत आले, आता इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारा तो कागद डोळ्यांनी पाहावा अशी इच्छा आहे. वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात रांगेत उभे राहून पाहिली, ती जिथून आली ते संग्रहालयही पाहावेसे वाटते. बाकी तेवीस ठिकाणांतले काय निवडावे, आणि मुलीला रजा घ्यायला न लावता मधल्या वारी आम्ही दोघेच कुठे जाऊन येऊ शकू, हे जाणकारांनी सांगावे. लेकीकडे राहायचे, जेवायचे आणि तिकिटेही तिनेच काढायची, याचा आम्हाला मनापासून संकोच वाटतो.

केनेटकाठचा

माई, मी रेडिंगमध्ये चौदा वर्षे राहतो. माझे आईवडील आणि सासूसासरे यांच्या मिळून चार फेऱ्या आमच्याकडे झाल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की पहिला आठवडा तक्ता मिटून ठेवा आणि रेडिंगपासूनच सुरुवात करा. येणारे पाहुणे या गावाकडे केवळ मुक्कामाची जागा म्हणून पाहतात, पण इतिहासाच्या शिक्षिकेने तरी तसे करू नये. पहिल्या हेन्री राजाने ११२१ मध्ये स्थापन केलेल्या मठाचे अवशेष गावाच्या मध्यभागी आहेत आणि राजाला त्याच मठात पुरले होते. छप्पर केव्हाच गेले, आता चकमकीच्या दगडांच्या उंच भिंती तेवढ्या उभ्या आहेत. तेथे तिकीट नाही आणि बसायला बाके आहेत.

तेथून पाच-सात मिनिटांवर जुन्या टाउन हॉलमध्ये रेडिंगचे संग्रहालय आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्याची कथा सांगणारा बायूचा भरतकामाचा पट आपण शिकवला असेल. त्याची पूर्ण लांबीची, सुमारे सत्तर मीटरची प्रतिकृती या संग्रहालयात आहे. लीक नावाच्या गावातील स्त्रियांनी ती १८८५-८६ च्या सुमारास भरली. ज्या छायाचित्रांवरून त्यांनी काम केले, त्यांतील उघड्या आकृत्यांना कोणीतरी आधीच सभ्य करून ठेवले होते, त्यामुळे मूळ पटात नसलेल्या चड्ड्या येथे दिसतात. माझ्या सासूबाई स्वतः कशिदा करतात. त्यांनी टाके न्याहाळण्यात दोन तास घालवले आणि परत आल्यावर लंडनपेक्षा त्याचेच वर्णन जास्त केले. याच इमारतीत जवळच्या सिल्चेस्टर या रोमन नगरातून सापडलेल्या वस्तू आहेत. सिल्चेस्टरची तटबंदी अजून उभी आहे आणि तीही विनामूल्य पाहता येते, मात्र पायवाट गवतातून जाते, म्हणून पाऊस पडून गेल्यावर काकांना नेऊ नका.

काका भूजल खात्यातले आहेत असे वाचले, म्हणून एक ठिकाण आवर्जून सुचवतो. ते बहुधा आपल्या मुलीच्या तक्त्यात नसेल. रेडिंगहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत स्टोक रो नावाचे खेडे आहे आणि तेथे काशीनरेशांनी बांधून दिलेली विहीर आहे. एडवर्ड रीड नावाचे या भागातले एक गृहस्थ उत्तर भारतात कंपनी सरकारचे अधिकारी होते आणि तेथे त्यांनी एक विहीर खोदवली होती. आपल्या गावाकडच्या टेकड्यांवर पाण्याचे किती हाल होतात, हे त्यांनी बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांना सांगितले होते. महाराजांनी ते लक्षात ठेवले आणि पुढे स्टोक रोच्या विहिरीचा खर्च दिला. १८६३ मध्ये काम सुरू झाले आणि १८६४ च्या मे महिन्यात, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. तिची खोली ३६८ फूट आहे आणि रुंदी अवघी चार फूट. सगळे खोदकाम हातांनी झाले. वर घुमट आहे आणि राहाटावर सोनेरी हत्ती आहे. आता पाणी काढत नाहीत. तेथे जाण्यासाठी एक रविवार सकाळ पुरेल, रजा लागणार नाही.

प्रवासाबद्दल थोडे सांगतो. रेडिंगहून लंडनला जाताना एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गावर बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड चालते, पण लंडनचे प्रवासाचे ऑयस्टर कार्ड रेडिंगपर्यंत चालत नाही, आणि येथे पुष्कळ पाहुणे फसतात. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे, एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. साठीपुढच्या कोणालाही रेल्वेचे ज्येष्ठ नागरिक कार्ड विकत घेता येते. त्यासाठी येथील रहिवासी असावे लागत नाही, पारपत्रावरून वय दाखवले की पुरते. भाड्यात एकतृतीयांश सूट मिळते, फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळेचे निर्बंध पाहून घ्या. या कार्डाचे पैसे आपण दिलेत, तर संकोचाचा काही भाग तरी हलका होईल.

कोथरूडचे आजोबा

आम्ही दोघे दोन वर्षांपूर्वी मुलाकडे लंडनच्या उपनगरात पाच आठवडे राहून आलो. आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमच्या टळतील.

पहिली चूक एकदिवसीय बससहलीची. एका सहल कंपनीने विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात दाखवण्याचे कबूल केले होते. दाखवलीही, पण अकरा तासांपैकी सात तास आम्ही खिडकीतून मेंढ्या पाहिल्या आणि बाथमध्ये रोमन स्नानगृहांसाठी आमच्या वाट्याला चाळीस मिनिटे आली. जमिनीतून ४६ अंशांचे गरम पाणी दोन हजार वर्षांपूर्वीप्रमाणेच आजही वाहत येते आहे, हिरवट पाण्यावर वाफ तरंगते आहे, आणि आम्ही घड्याळाकडे पाहत फाटकाकडे पळतो आहोत, असा प्रकार झाला. तुम्ही रेडिंगला असणार, म्हणजे बाथ थेट गाडीने तासाभरावर आहे. मधल्या वारी दोघेच जा आणि दिवस तेथेच घालवा. तळ्याभोवतीची रोमन फरशी ओबडधोबड आहे, काठी असेल तर बरोबर घ्या.

दुसरी चूक टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली. आधी उत्साहाने मधला पांढरा बुरूज चढलो. तो विल्यमच्या काळातला, अकराव्या शतकातला आहे आणि आत गोल, अरुंद दगडी जिने आहेत. उतरेपर्यंत सौभाग्यवतींचे पाय भरून आले, आणि मग राजमुकुटांच्या रांगेत उभे राहण्याचे त्राण उरले नाही. तुम्ही उलट करा. मधल्या वारी, उघडण्याच्या वेळी पोहोचा आणि आधी मुकुट पाहा, कारण ते दालन तळमजल्यावर आहे. कोहिनूर १९३७ मध्ये घडवलेल्या राणीमातेच्या मुकुटात आहे. समोरून सरकता पट्टा नेतो, त्यामुळे थांबता येत नाही, पण मागे वळून पुन्हा पट्ट्यावर उभे राहण्यास कोणी मना करत नाही. आमच्या पुढचे एक सरदारजी तीनदा गेले. १८४९ मध्ये पंजाबच्या दहा-अकरा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तो हिरा कसा लिहून घेतला गेला, हे आठवत असेल तर त्यांना तिसऱ्यांदा का जावेसे वाटले ते कळते.

तिसरी चूक सामानाची. भारतातून जाताना वैयक्तिक सामानातही मांस आणि दुग्धजन्य पदार्थ तेथे नेता येत नाहीत. आमचे साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचे साजूक तूप हीथ्रोला आमच्या डोळ्यांदेखत टाकून दिले गेले. हापूस न्यायचा असेल तर तेथील नियम आधी तपासा. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि तेलातल्या चकल्या निर्धास्त न्या.

प्रवासविमा घेताना गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि रक्तदाब असल्यास तोही लिहून द्या, लपवलेत तर ऐन वेळी दावा नाकारला जातो. तेथे तातडीच्या विभागात तपासणी आणि उपचार मोफत होतात, पण रुग्णालयात दाखल करून घेतले की पाहुण्यांना खर्च भरावा लागतो आणि तो मोठा असतो. विमानकंपनीला चाकाच्या खुर्चीची मागणी निदान ४८ तास आधी कळवा. हीथ्रोचे चालणे कमी नाही. काकांना कमीपणा वाटत असेल तर त्यांना सांगा, की माझ्यासारखा रोज पर्वती चढणारा माणूसही त्या खुर्चीत बसला आणि सगळ्या रांगांच्या पुढे गेला.

मेडा व्हेल

कोथरूडच्या काकांचा अनुभव मोलाचा आहे. मी लंडनमध्ये राहते आणि मराठी माणसांच्या येथील वास्तव्याविषयी थोडे वाचन केले आहे, म्हणून त्या अंगाने लिहिते.

माई, रेडिंगची गाडी पॅडिंग्टनला येते. तेथून रमतगमत पंधरा-वीस मिनिटे कालव्याच्या बाजूने चालले की हाऊली प्लेस नावाचा शांत रस्ता लागतो. त्यावरील १० क्रमांकाच्या घरात लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहत होते. इंग्रज पत्रकार चिरोल याच्याविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा लढवण्यासाठी ते आले होते आणि तो दावा ते हरले, हे तुम्हाला सांगायला नको. घरावर त्यांच्या नावाचा फलक आहे. घर खाजगी आहे, त्यामुळे समोरच्या पदपथावरून पाहायचे आणि पुढे निघायचे.

हायगेटमधील क्रॉमवेल अव्हेन्यूवरचे ६५ क्रमांकाचे घर म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेले इंडिया हाऊस. सावरकर १९०६ मध्ये लंडनला आले ते येथेच राहिले. तेथेही फलक आहे आणि घर खाजगीच आहे. परंतु हायगेट म्हणजे चढ आहे, आणि चढ म्हणजे परतीचा उतार. तीन मिनिटे एक फलक पाहण्यासाठी काकांच्या गुडघ्याला तेवढा त्रास द्यावा असे मला वाटत नाही. यावर कोणी रागावले तरी चालेल.

डॉ. आंबेडकरांचे घर मात्र चुकवू नका. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड येथे ते १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तेथे स्मारक आहे. येथे दाराशी थांबावे लागत नाही, आत जाता येते, खोल्यांतून फिरता येते. जाण्यापूर्वी वेळ तपासा.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाबद्दल एक सूचना. वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली आणि आधी तुमच्याच गावाला ठेवली गेली, हे तुम्ही जाणताच. ती १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे होती आणि त्याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. अफझलखानाच्या वधाच्या वेळची ती हीच, याला पुरावा नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. येथील दक्षिण आशियाई दालनाचे नूतनीकरण ठरलेले असल्याने टिपूचा लाकडी वाघ त्या वेळी मांडलेला आहे की नाही, हे आधी पाहून घ्या. प्रवेशाला पैसे नाहीत. ब्रिटिश म्युझियमचेही तसेच, आणि तेथे माझे म्हणणे इतकेच, की रोझेटा शिळेपुढच्या गर्दीत अर्धा तास घालवण्याऐवजी अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे असलेले दालन शोधा. आंध्रातील तो पांढरट चुनखडीचा दगड काचेआड शांत उभा असतो आणि तेथे बहुधा तुरळक माणसे असतात.

आता मॅग्ना कार्टा. शिक्षिकेला दुरुस्ती सुचवण्याचे धाडस करते: तो कागद नव्हे, चर्मपत्र आहे. १२१५ च्या चार प्रती उरल्या आहेत. दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला आणि एक सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये. रेडिंगहून तुम्हाला सॉल्झबरी सोयीचे पडेल.

केनेटकाठचा

सॉल्झबरीला जाणारच असाल तर स्टोनहेंज त्याच दिवशी होते, हे जोडतो. पण खरे सांगायचे तर स्टोनहेंज मला फारसे भावले नाही. दोरीबाहेरून दगड पाहायचे, आणि तिकीट चांगले महाग.

मेडा व्हेल

असहमत. दगड साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केलेले आहेत, चाके नसताना पंचवीस-पंचवीस टनांच्या शिळा ओढत आणून, आणि वरचे आडवे दगड खालच्या खांबांत सुताराप्रमाणे कूस-खाचा करून बसवले आहेत. दोरीबाहेरूनही ते दिसते, फक्त दुर्बीण न्यावी.

माहुलीची माई

सर्वांचे आभार. तेवीसचा तक्ता मी मुलीला परत पाठवला आणि त्यातील बारा नावांवर रेघ मारली. ती आधी रुसली, मग तिने पाचपैकी तीन दिवसांची रजा मागे घेतली. कंदी पेढ्यांचे वाचून वाईट वाटले, कारण दोन किलोची मागणी नोंदवून झाली होती. आता ते शेजाऱ्यांत वाटले जातील.

माहुलीची माई

आम्ही मागच्या आठवड्यात परतलो. ज्यांनी इतके लिहिले त्यांना कळवणे कर्तव्य आहे, म्हणून लिहीत आहे.

अकरांपैकी नऊ ठिकाणे झाली. पावसाने विंडसर गेले आणि नातीला ताप आल्याने ग्रिनिच गेले. बाथला आम्ही दोघेच गेलो, रेल्वेच्या ज्येष्ठ नागरिक कार्डावर, आणि ती तिकिटे यजमानांनी स्वतः यंत्रातून काढली. त्या दिवशी त्यांनी मुलीला संध्याकाळी फोन करून सांगितले ते बाथबद्दल नव्हते, यंत्राबद्दल होते. सॉल्झबरीला मॅग्ना कार्टा पाहिली. मंद उजेडात एकच पान, अगदी बारीक लॅटिन अक्षर, मध्ये परिच्छेद नाही की क्रमांक नाहीत. आपण पाठ्यपुस्तकात कलमांचे आकडे घालतो ते नंतरच्या लोकांनी घातलेले, हे मला ठाऊक होते, पण पान पाहिल्यावर ते पटले. स्टोनहेंजला दुर्बीण उपयोगी पडली. कूस-खाचा यजमानांनी पाहिल्या आणि त्या मला पाहायला लावल्या.

हाऊली प्लेसला समोरच्या पदपथावर उभे असताना घरातून एक बाई कुत्रा घेऊन बाहेर पडल्या आणि हसून पुढे गेल्या. त्यांना अशा नमस्कार करणाऱ्या माणसांची सवय असावी. आंबेडकरांच्या घरात आम्ही दीड तास होतो.

जूनमध्ये तेथे सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो, याची मला कोणी पूर्वसूचना दिली नव्हती. सात वाजता मी दिवा लावून शुभंकरोति म्हणायला बसले, तेव्हा बाहेर लख्ख ऊन आणि नात झोपाळ्यावर. ती म्हणे, आजी, अजून दिवस आहे. शेवटी नातीच्या झोपण्याची वेळ हीच आम्ही दिवेलागण ठरवली.

आणि विहीर. केनेटकाठच्या भाऊंचे आभार मानावेत तेवढे थोडे. रविवारी सकाळी आम्ही पाचही जण गेलो. रस्त्याला लागूनच घुमट, पलीकडे विहिरीच्या राखणदारासाठी बांधलेले छोटे घर आणि मागे ईश्री बाग नावाची चेरीची बाग. या बागेच्या उत्पन्नावर विहिरीचा खर्च चालावा अशी योजना होती. यजमान घुमटाखाली गेले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी जावयाला समजावायला सुरुवात केली. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाणी फटींतून झिरपत येते, ते साठायला जागा लागते, म्हणून आपली विहीर रुंद. आमच्या जवळच लिंबला बारा मोटांची विहीर आहे, पन्नास फूट रुंद आणि एकशेदहा फूट खोल, बारा मोटा एकदम चालतील अशी. येथे टेकडी खडूच्या दगडाची आहे, पाऊस पडला की सगळे पाणी खाली निघून जाते आणि थेट तळाशी भेटते, म्हणून तेथपर्यंत पोहोचायला फक्त भोक हवे, एक माणूस वाकून खणू शकेल एवढे. तीनशे अडुसष्ट फुटांवर त्या माणसाला हवा कशी पुरवली असेल, दिवा कसा टिकला असेल, हे त्यांनी जावयाला विचारले, जावयाने फोनमध्ये शोधले, आणि दोघांचा वाद परतीच्या वाटेवर गाडीतही चालू राहिला.

नात तेवढा वेळ कठड्याला धरून आत पाहत होती. मागच्या दिवाळीत ती आमच्या मळ्यातल्या विहिरीपाशी बसून कासवाला पोळी टाकत असे. तिने आजोबांना विचारले, की यातले कासव केव्हा वर येते. यजमानांनी तिला सांगितले, की फार खोल आहे, त्याला यायला वेळ लागेल, आणि मग ती निघायलाच तयार होईना.